काय धुवावे, काय राखावे



विदर्भातली काळी जमीन आणि महाबळेश्वरच्या उतारावरची तांबडी माती ही एकाच खडकाची लेकरे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याच्या बेसाल्टची झीज होऊन दोन्ही बनल्या. एक उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळते आणि पावसात चाकाला अशी धरते की बैल जागचे हलत नाहीत. दुसरी धो धो पाऊस पिऊनही थोड्याच वेळात पाय ठेवण्याजोगी होते. बाप एक आणि स्वभाव असे दोन टोकांचे का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मातीच्या सर्वांत बारीक भागात आहे. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान, म्हणजे दोन मायक्रोमीटरच्या आतले जे कण, त्यांना आपण चिकण म्हणतो. तिथे जी खनिजे बसलेली असतात ती जमिनीचा स्वभाव ठरवतात.

आज मला त्या खनिजांपेक्षा, ती दिसावीत म्हणून मातीवर आधी जे रासायनिक उपचार करावे लागतात त्यांच्याबद्दल अधिक बोलायचे आहे. प्रबंधांमध्ये या उपचारांच्या वाट्याला एखादी ओळ येते: नमुन्यांवर प्रमाणित पद्धतीने पूर्वप्रक्रिया केली. वाचणारा ती ओळ ओलांडून आलेखांकडे जातो. पण त्या आलेखात काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे पुष्कळदा त्या ओळीतच ठरून गेलेले असते. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या हातून माती धुवून घेतली, आणि प्रत्येक वेळी विचारले की यातून काय वाहून गेले. तो प्रश्न आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

चिकणमातीतली खनिजे थरांची असतात. सिलिकाचा एक पत्रा आणि ॲल्युमिनियमचा एक पत्रा असा दोन पत्र्यांचा थर असला की ते केओलिनाइट. असे थर एकमेकांना घट्ट धरून ०.७ नॅनोमीटर अंतराने रचलेले असतात. मधे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा पत्रा आणि दोन्ही बाजूंना सिलिका असा तीन पत्र्यांचा थर असला की अभ्रक, व्हर्मिक्युलाइट, स्मेक्टाइट ही मंडळी येतात. अभ्रकाच्या थरांमध्ये पोटॅशियम असे बसलेले असते की अंतर १ नॅनोमीटरवर कायम राहते. स्मेक्टाइटचे थर मात्र तव्यावरच्या घडीच्या पोळीसारखे सुटतात. मधे पाणी शिरले की फुगतात, गेले की बसतात. विदर्भातल्या भेगा म्हणजे हेच फुगणे-बसणे, शेताएवढे मोठे झालेले. एक ग्रॅम स्मेक्टाइट उलगडून पसरले तर आतले-बाहेरचे मिळून सातशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो. खते, पाणी, ह्यूमस, कीटकनाशके यांचा सगळा व्यवहार त्या पृष्ठभागावर चालतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेकांची समजूत अशी होती की मातीचा हा बारीक भाग म्हणजे आकारहीन, बुळबुळीत कलिल. १९३० मध्ये अमेरिकेत हेंड्रिक्स आणि फ्राय यांनी क्ष-किरणांनी दाखवले की हे कण स्फटिक आहेत. १९४० साली नागेलश्मिट, देसाई आणि म्यूर या तिघांचा हैदराबाद संस्थानातल्या दख्खनच्या मातीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. एक काळी कापसाची जमीन, एक तांबडी माती, आणि दोन्हींच्या चिकणभागाची तपासणी. काळीत मॉन्टमोरिलोनाइटच्या, म्हणजे स्मेक्टाइटच्या, कुळातली खनिजे, तांबडीत केओलिनच्या कुळातली. आपल्याकडच्या जमिनींच्या खनिजांचा अभ्यास ज्यांना करायचा आहे त्यांनी हा निबंध शोधून वाचावा असे मला मनापासून वाटते.

आता प्रश्न असा की शेतातली माती तशीच नेऊन क्ष-किरणांखाली का ठेवत नाहीत? कारण शेतातल्या मातीत हे कण सुटे नसतात. चुनखडी त्यांना बांधते, ह्यूमस चिकटवते, लोहाची ऑक्साइडे त्यांच्यावर पुटे चढवतात. असे गोळे वाळू म्हणून तळाशी बसतात आणि आपण त्यांना वाळूतच मोजतो. शिवाय या खनिजांची ओळख थरांमधल्या अंतरावरून पटते, आणि ते अंतर स्पष्ट दिसायचे तर काचपट्टीवर सगळे कण आडवे, एकावर एक निजले पाहिजेत. गोळ्यातले कण निजत नाहीत. लोहाची आणखी एक अडचण आहे. बहुतेक यंत्रांत तांब्याच्या लक्ष्यातून निघणारे क्ष-किरण वापरतात, आणि त्यांच्या माऱ्याने लोह स्वतःच क्ष-किरण सोडू लागते. कोकणातल्या लाल मातीचा आलेख त्यामुळे इतका धूसर येतो की बारीक शिखरे त्यात बुडून जातात. म्हणून धुणे भाग आहे. धुवावे की नाही याबद्दल माझा वाद नाहीच.

धुण्याचा जो क्रम जगभर रूढ आहे तो बराचसा विस्कॉन्सिन विद्यापीठातले मेरियन जॅक्सन यांनी घालून दिला. आधी चुनखडी, मग सेंद्रिय पदार्थ, मग लोह. हा क्रम असाच का, ते सांगतो, म्हणजे प्रत्येक पायरीचे मोलही कळेल.

काळ्या जमिनीवर आम्लाचा थेंब टाकला की ती चरचरते, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी शाळेत पाहिलेले असते. चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल सर्वांत सोपे, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक. ते चुन्यापाशी थांबत नाही. थरांच्या मधल्या पत्र्यातले मॅग्नेशियम आणि लोह ते कडेकडेने उकरू लागते. मॅग्नेशियम-लोहाने भरलेले क्लोराइट हे थरांचे खनिज तर ऊन आम्लात पार विरघळू शकते, आणि मग अहवालात लिहिले जाते की या मातीत क्लोराइट नाही. आम्लाने हायड्रोजन भरलेली चिकणमाती स्थिरही राहत नाही. हायड्रोजन आतल्या ॲल्युमिनियमला बाहेर ढकलतो आणि हळूहळू ती ॲल्युमिनियमने भरलेली चिकणमाती होऊन बसते. कोलकात्यात ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हायड्रोजनयुक्त चिकणमातींच्या विद्युत-रसायनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. भारतातल्या मृदा-रसायनाचा तो पाया आहे, आणि आजच्या अभ्यासक्रमांत त्याला फार थोडी जागा आहे याची मला खंत वाटते.

म्हणून जॅक्सन यांनी सोडियम ॲसिटेटचे द्रावण घेतले, ॲसेटिक आम्लाने त्याचा सामू ५ वर आणलेला. सामू ५ म्हणजे चुना विरघळेल, पण खनिजाला इजा अगदी कमी होईल असा बिंदू. वॉटर बाथवर ठेवायचे, अधूनमधून ढवळायचे, बुडबुडे थांबेपर्यंत द्रावण बदलत राहायचे. चुनखडीचे खडे जास्त असलेल्या नमुन्याला यात दिवस जातो. एवढा वेळ का घालवायचा म्हणून आम्लाची बाटली उचलली जाते, हे मी एकाहून अधिक प्रयोगशाळांत पाहिले आहे. एक दिवस वाचतो, आणि पुढे त्या नमुन्यावर केलेले महिन्यांचे काम संशयास्पद होते.

चुना आधी काढायचे कारणही इथेच आहे. पुढच्या पायरीला सेंद्रिय पदार्थ जाळण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, ३० टक्क्यांचे. बीकर फेसाळते, कधी उतू जाते. म्हणून थोडे थोडे घालायचे. सेंद्रिय पदार्थ मोडताना वाटेत ऑक्झॅलिक आम्ल तयार होते. मातीत कॅल्शियम शिल्लक असेल तर त्याचे कॅल्शियम ऑक्झॅलेट बनते, आणि ते स्फटिक असल्याने क्ष-किरणांत स्वतःची शिखरे दाखवते. म्हणजे जे शेतात कधीच नव्हते ते आपण बीकरात घडवतो आणि मग मातीच्या खनिजांच्या यादीत शोधतो. चुन्याने पेरॉक्साइडचा सामूही चढतो आणि ते कामाला लागण्याआधीच मोडून जाते. मातीत मँगनीजची ऑक्साइडे असली तर तीही पेरॉक्साइडला वाया घालवतात. काळ्या मातीत खूप फेस आला म्हणजे खूप ह्यूमस आहे, असा अर्थ काढता येत नाही तो यामुळे. आणि अर्धवट झिजलेल्या अभ्रकावर पेरॉक्साइडचा परिणाम होतो हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे: थरांमधे वायू सुटतो आणि ते फुलारून येते. काही प्रयोगशाळा पेरॉक्साइडऐवजी सामू ९.५ चे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. त्याने ऑक्झॅलेटचा त्रास टळतो, पण इतका अल्कधर्मी सामू नाजूक, अस्फटिक ॲल्युमिनियम-सिलिका पदार्थांना मानवत नाही. काळ्या जमिनीतला ह्यूमसचा काही भाग तर स्मेक्टाइटला इतका बिलगून असतो की दोन्हींपैकी कशानेच सुटत नाही. तो तसाच राहू द्यावा. जे इतके धरून बसले आहे ते त्या मातीचा गुण म्हणून नोंदवावे.

यानंतर लोह. इथे मी जरा थांबणार आहे, कारण महाराष्ट्राच्या तांबड्या मातींचा प्रश्न इथे येतो.

मेहरा आणि जॅक्सन यांची १९६० साली छापून आलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. सोडियम सायट्रेट आणि सोडियम बायकार्बोनेट यांच्या द्रावणात माती घ्यायची, ७५ ते ८० अंशांपर्यंत तापवायची, मग सोडियम डायथायोनाइटची पूड घालून ढवळायचे. डायथायोनाइट तांबड्या ऑक्साइडातल्या लोहाला इलेक्ट्रॉन देते, ते विरघळण्याजोगे होते. सायट्रेट त्याला धरून ठेवते, परत बसू देत नाही. बायकार्बोनेट सामू ७.३ च्या आसपास सांभाळते. सामू उदासीनच्या जवळ राहतो हीच या पद्धतीची खरी कर्तबगारी, कारण त्याआधीच्या पद्धती आम्लधर्मी होत्या आणि खनिजे खात होत्या. तापमान ८० च्या वर गेले तर गंधक आणि लोहाचे सल्फाइड बसू लागते, म्हणून तापमापकावरची नजर हलवता येत नाही. पंधरा मिनिटांत जांभ्याच्या प्रदेशातली विटकरी माती राखाडी होते. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हरखून जातो. त्याला वाटते, आता खरी माती दिसली.

मला तिथेच त्याला थांबवावेसे वाटते. राखाडी झालेली ती माती कोकणात कुठेही नाही. जे लोह निवळीबरोबर निघून गेले त्याने शेतात कण बांधून ठेवले होते, म्हणून ती माती पाणी झटकन सोडत होती. त्याच लोहाने स्फुरद धरून ठेवला होता. कोकणातल्या शेतकऱ्याने घातलेले सुपर फॉस्फेट पिकाला पुरते लागू पडत नाही त्यात या पुटांचा मोठा वाटा आहे. थरांची खनिजे ओळखायला लोह काढणे आवश्यक आहे, हे मान्य. पण त्या धुतलेल्या नमुन्यावर मोजलेला धन आयन विनिमय किंवा पृष्ठभाग जर अहवालात त्या जमिनीचा म्हणून छापला, तर आपण शेतकऱ्याला अशा जमिनीबद्दल सांगतो आहोत जी त्याच्याकडे नाही.

यापुढची अडचण रसायनाची आहे आणि अधिक बारीक आहे. दख्खनच्या घाटांत रस्ता कापला की दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला बोल म्हणतात. त्यातले काही पट्टे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात बनलेली जुनी जमीन आहेत का, यावर चर्चा चालू आहे, आणि तिचा निकाल बराचसा चिकणखनिजांवर अवलंबून आहे. बेसाल्टमध्ये लोह भरपूर, म्हणून त्याच्यापासून बनणाऱ्या स्मेक्टाइटच्या स्वतःच्या पत्र्यातही लोह असू शकते. डायथायोनाइटला मात्र पुटातले लोह आणि पत्र्यातले लोह यांतला फरक पुरता कळत नाही. पत्र्यातल्या लोहालाही ते इलेक्ट्रॉन देते. थरावरचा ऋण भार वाढतो, आणि लोह फार असलेल्या नॉन्ट्रोनाइटसारख्या खनिजाचा काही अंश विरघळूनही जातो. पुढे हवेत ठेवल्यावर लोह परत पूर्वपदावर येऊ लागते, पण रचना तंतोतंत पहिल्यासारखी होईलच असे नाही. ज्या खनिजाच्या लोहावरून आपल्याला प्राचीन हवामान वाचायचे आहे, त्याच लोहाला आपण आधी हात लावलेला असतो. अशा नमुन्यांना डायथायोनाइट देण्याआधी न धुतलेल्या भागाचा आलेख, कोबाल्टचे किरण वापरून का होईना, काढून ठेवलाच पाहिजे. कोबाल्टच्या किरणांनी लोह उजळत नाही.

लोह गेल्यावर माती पाण्यात सुटी होते. मग स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे उंच नळकांड्यात ती बसू द्यायची. दोन मायक्रोमीटरचा कण २० अंशांच्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण आठ तास घेतो; ३० अंशांना सव्वासहा तास पुरतात. पुस्तकातले आठ तास उन्हाळ्याच्या खोलीत जसेच्या तसे पाळले तर चिकणाचाच काही भाग गमावतो. नंतरचे संस्कार मी भरभर सांगतो, कारण ते सहसा नीट होतात. एका भागात मॅग्नेशियम भरायचे, एकात पोटॅशियम. मॅग्नेशियमच्या नमुन्याला ग्लिसरॉल दिले की स्मेक्टाइट फुगून १.८ नॅनोमीटरवर जाते, व्हर्मिक्युलाइट १.४ वरच राहते. पोटॅशियम मिळाले की व्हर्मिक्युलाइट मिटून १ वर येते. ५५० अंशांपर्यंत तापवले की केओलिनाइटचे ०.७ चे शिखर नाहीसे होते, क्लोराइटचे १.४ चे टिकते. प्रत्येक खनिज असे आपल्या वागणुकीने ओळख देते.

एक उपचार असा आहे जो कोणी उपचार मानतच नाही: वाळवणे. शेतातून आणलेली माती सावलीत पसरून, लाकडी थापीने फोडून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची, हे आपण डोळे मिटून करतो. हॅलोइसाइट नावाचे केओलिन कुळातले खनिज ओले असताना १ नॅनोमीटरचे असते, मधल्या पाण्यासकट. ते सुकले की ०.७ वर येते, आणि पुन्हा पाण्यात घातले तरी मागे जात नाही. आलेखात मग ते केओलिनाइटसारखे दिसते. भरपावसाच्या प्रदेशातल्या मातीचा एक भाग ओलाच, बंद पिशवीत ठेवावा, एवढीच काळजी यात पुरते. तिला खर्च काही नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी सह्याद्रीचेच उदाहरण देतो. वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात स्मेक्टाइट टिकू नये, असे पुस्तक सांगते. पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धुवून नेते आणि स्मेक्टाइटचे केओलिन होते. पण पश्चिम घाटात तांबड्या जमिनींच्या शेजारी, खोलगट भागांत, काळ्या फुगणाऱ्या जमिनी आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतले भट्टाचार्य, पाल आणि देशपांडे यांनी १९९३ मध्ये या जमिनींवर काम प्रसिद्ध केले. तांबड्या मातीत त्यांना निव्वळ केओलिनाइट मिळाले नाही. त्यात स्मेक्टाइटचे थर मिसळलेले होते, रूपांतर अर्ध्या वाटेवर असलेले. आणि काळी टिकली होती ती बेसाल्टच्या पोकळ्यांतून आलेल्या जिओलाइटमुळे. हे खनिज कॅल्शियम सोडत राहते, म्हणून जमीन बदलण्याला जणू खीळ बसते.

आता हेच नमुने घाईने धुतले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. मिसळलेल्या थरांची खूण म्हणजे ०.७ च्या शिखराचा रुंद, एका बाजूला झुकलेला पायथा. तीव्र आम्लाने कडा खाल्ल्या की तो पायथा आणखी विस्कटतो, आणि त्याचा अर्थ लावणे अवघड होते. सायट्रेट जास्त वेळ तापवले तर थरांमधे अडकलेले ॲल्युमिनियमही काही अंशी सुटते, आणि झिजेचा एक टप्पाच पुसला जातो. जिओलाइटलाही तीव्र आम्ल सोसवत नाही. शिवाय फक्त सर्वांत बारीक भागच पाहिला तर जिओलाइटचे जाडसर कण वाळू-गाळाबरोबर टाकून दिले जातात. ही जमीन का टिकली, याचे उत्तर मोरीतून वाहून गेले असते, आणि आलेख मात्र स्वच्छ आला असता.

शेतकऱ्याला २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा घटक आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. चिकणखनिजांचा रकाना नाही, आणि प्रत्येक शेताचा क्ष-किरण काढणे शक्यही नाही. पण त्या पत्रिकेवरच्या शिफारशी ज्या मृदा-नकाशांच्या आधारे अधिक नेमक्या करता येतील, त्या नकाशांमागे ही धुतलेली माती आहे. पालाश कोणत्या जमिनीत अडकेल आणि कोणत्या जमिनीतून वाहून जाईल, हे अभ्रक किती, व्हर्मिक्युलाइट किती, यावर ठरते.

म्हणून विद्यापीठांतल्या आणि कृषी महाविद्यालयांतल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांकडे मागणे आहे. प्रत्येक नमुन्याचा एक भाग काहीही न करता राखून ठेवा, शक्य तिथे ओला. प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर एकेक काचपट्टी करा. फक्त शेवटची छापा, पण बाकीच्या जपा. डायथायोनाइटच्या पायरीची निवळी फेकू नका, तिच्यातले लोह, ॲल्युमिनियम आणि सिलिका मोजा. सिलिका लक्षणीय निघाली तर पुटांबरोबर खनिजही गेले, अशी शंका लगेच घेता येते. न मोजता ती कधीच घेता येत नाही. आणि प्रबंधातली ती एक ओळ निदान एका परिच्छेदाची करा: कोणते आम्ल, कोणता सामू, किती अंश, किती वेळ, किती वेळा. ज्याच्या हातून हे धुणे प्रत्यक्ष झाले त्या प्रयोगशाळा सहायकाचे नावही त्यात असावे, कारण तापमापक ८० वर पोहोचला तेव्हा शेगडी कोणी मंद केली हे त्यालाच ठाऊक असते.